शेजारी चार मजले उभे राहिले, आता भूकंपात आपल्या बैठ्या घराचं काय?

भूकंपाची बातमी आली की आपण दोनच गोष्टी बघतो. रिश्टर किती, आणि कुठली बिल्डिंग पडली. पण पडलेल्या बिल्डिंगच्या शेजारी काय होतं, किंवा न पडलेल्या उंच बिल्डिंगने शेजारच्या छोट्या घराला काय केलं, हा प्रश्न बातमीत येत नाही. आज त्याच प्रश्नावर बोलू.

हा प्रश्न मुंबई-पुण्यापुरता नाही. मी मूळचा मिरजगावचा, कर्जत तालुका, नगर जिल्हा (आता अहिल्यानगर). आमच्याकडे टॉवर नाहीत. पण नगर–सोलापूर रस्त्यावरच्या कुठल्याही बाजारपेठेच्या गावात दिसतं तेच आमच्याकडेही आहे. खाली गाळे, वर तीन-चार मजले राहायला, आणि त्याला अगदी खेटून जुनं दगड-मातीचं माळवदाचं घर नाहीतर पत्र्याचं दुकान. गावठाणात भिंतीला भिंत लागूनच असते. मध्ये फट ठेवणं म्हणजे जागा वाया घालवणं, असा आपला हिशोब.

माझ्या चुलत्यांनी मला सरळच विचारलं, "शेजारचा चार मजली बांधतोय. उद्या भूकंप झाला तर त्याची बिल्डिंग आपल्या घरावर येईल का रे? तू इंजिनिअर आहेस ना?" मी सॉफ्टवेअरवाला. पण प्रश्न डोक्यात बसला, आणि वाचत गेलो तसं लक्षात आलं की "अंगावर पडेल का" हा त्यातला फक्त एक भाग आहे. बिल्डिंग न पडताही शेजाऱ्याचं नुकसान करू शकते, आणि तेही चार वेगवेगळ्या रस्त्यांनी.

आधी हे बघू, की आपल्याकडे भूकंप होतात का?

होतात. ११ डिसेंबर १९६७ ला कोयना. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, तीव्रता साधारण ६.२, मृत्यू सुमारे दहा हजार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून लोक गाढ झोपले होते. मिरजगावपासून किल्लारी सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत आहे. आणि त्या वेळी किल्लारीचा भाग देशाच्या भूकंप नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या, म्हणजे झोन १ मध्ये होता. पुढे २००२ च्या नकाशात झोन १ हा प्रकारच काढून टाकला. त्या नकाशात मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, सोलापूर, धाराशिव हे सगळे झोन ३ मध्ये होते.

अलीकडचं बघा. २१ मार्च २०२४ ला हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचा धक्का, आणि १० जुलै २०२४ ला तिथेच पुन्हा ४.५. नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. मार्चच्या धक्क्यानंतर नांदेडच्या प्रशासनाने लोकांना आवाहन केलं की घराच्या पत्र्यांवर आधारासाठी ठेवलेले मोठे दगड काढून घ्या. हे आवाहन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऊस आणि हरभरा

मुद्दा समजायला एकच गोष्ट लागते. प्रत्येक इमारतीची हलण्याची स्वतःची लय असते. वारा एकच असतो, पण ऊस सावकाश डुलतो आणि शेजारचा हरभरा चटचट थरथरतो. इमारतींचंही तसंच. उंच इमारत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायला जास्त वेळ घेते, बैठी इमारत कमी.

हा वेळ किती, याचं एक सोपं सूत्र भारतीय मानक आयएस १८९३ मध्ये दिलंय. काँक्रीटच्या फ्रेमच्या इमारतीसाठी उंची (मीटरमध्ये) घ्या, तिचा ०.७५ घात काढा, आणि ०.०७५ ने गुणा. उत्तर सेकंदात येतं. तीन मजली, साधारण ९ मीटर इमारत घेतली तर ०.३९ सेकंद. दहा मजली, ३० मीटर घेतली तर ०.९६ सेकंद. वीस मजली, ६० मीटर घेतली तर १.६ सेकंद.

आता तीन मजली आणि दहा मजली इमारती शेजारी-शेजारी आहेत असं धरा. दोन्ही एकाच बाजूला झुकवून एकाच वेळी सोडल्या. ०.४ सेकंदांनी छोटी एक पूर्ण फेरा मारून परत मूळ जागी आलेली असेल. मोठी मात्र तेव्हा जवळजवळ विरुद्ध टोकाला असेल. म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत दोघी एकमेकींच्या उलट दिशेला. मध्ये पुरेशी फट नसेल तर काय होणार? धडक.

रस्ता पहिला: धडक

दोन सारख्या उंचीच्या, सारख्या बांधणीच्या इमारती बऱ्याच अंशी एकाच तालात हलतात, त्यामुळे धडक कमी. उंच आणि बुटकी शेजारी आल्या की ताल बिघडतो.

त्यातही सगळ्यात वाईट काय, तर मजल्यांच्या पातळ्या न जुळणं. स्लॅब हा आडवा, जड आणि अतिशय ताठ भाग. एका इमारतीचा स्लॅब दुसऱ्या इमारतीच्या स्लॅबवर आदळला तर कडा फुटतात, प्लास्टर उडतं, नुकसान होतं पण इमारत सहसा निभावते. पण एकीचा स्लॅब दुसरीच्या कॉलमच्या मधोमध आदळला तर? कॉलम उभा भार पेलायला बनवलेला असतो, कमरेत हातोडा खायला नाही. तो तुटला की वरचे मजले कोणाच्या जिवावर उभे राहणार?

आणि बुटक्या घराचं छत उंच इमारतीच्या कॉलमच्या मध्यावर येणं, ही आपल्याकडची नेहमीची परिस्थिती आहे. जुन्या घराची उंची वेगळी, नव्या गाळ्याची उंची वेगळी. जुळवायचा विचारच कोणी करत नाही. म्हणजे इथे नुकसान फक्त बैठ्या घराचं नाही. आपलं जुनं घर शेजाऱ्याच्या नव्या कोऱ्या बिल्डिंगचा कॉलम तोडू शकतं. माझ्या मते शेजाऱ्याशी बोलताना हा मुद्दा सगळ्यात उपयोगी आहे, कारण यात त्याचाही जीव अडकलेला आहे.

हे पुस्तकी नाही. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत झालेल्या भूकंपानंतर ३३० कोसळलेल्या किंवा गंभीर नुकसान झालेल्या इमारतींची पाहणी झाली. त्यातल्या ४० टक्क्यांहून जास्त इमारतींत शेजारच्या इमारतीशी धडक झाल्याच्या खुणा होत्या. नंतरच्या काही अभ्यासकांनी कोसळण्यात धडकेचा वाटा त्या पाहणीत जास्त धरला गेला असं म्हटलं, पण धडका झाल्या याबद्दल वाद नाही. १७ ऑक्टोबर १९८९ ला कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटा भूकंप झाला, तेव्हा धडकेच्या २०० हून जास्त घटना नोंदल्या गेल्या, ५०० हून जास्त इमारती त्यात होत्या. काही तर भूकंपाच्या केंद्रापासून ९० किलोमीटर लांब.

आणखी एक बारकावा. रांगेतली शेवटची इमारत जास्त मार खाते. मधल्या इमारतींना दोन्ही बाजूंनी आधार असतो, टोकाच्या इमारतीला एका बाजूने धक्का बसतो आणि दुसरीकडे मोकळं असतं. कॅरमच्या सोंगट्यांची रांग आठवा. मारा कुठेही, उडते ती शेवटची. बाजारपेठेतलं कोपऱ्यावरचं घर म्हणून भाव खातं, पण भूकंपात तेच कोपऱ्यावरचं घर अडचणीत.

रस्ता दुसरा: वरून पडणारं सामान

हा सगळ्यात साधा आणि बहुतेक वेळा सगळ्यात जीवघेणा. इमारत उभीच राहते, पण तिच्या अंगावरचं सामान खाली येतं. गच्चीचा विटांचा कठडा, पाण्याची टाकी, जाहिरातीचा फलक, मोबाईलचा मनोरा, दर्शनी भागावर चिकटवलेल्या फरश्या. उंच इमारत जितकी वर जाते तितकी तिची हालचाल शेंड्याला मोठी होते, म्हणून गच्चीवरचा कठडा तळमजल्याच्या भिंतीपेक्षा जास्त हिसका खातो. आणि तो पडतो कुठे? शेजारच्या पत्र्यावर.

२२ फेब्रुवारी २०११ ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला भूकंप झाला, १८५ माणसं गेली. त्यात जुन्या विटांच्या इमारतींच्या दर्शनी भिंती आणि कठडे रस्त्यावर आणि शेजारच्या छपरांवर कोसळून मेलेले बरेच होते. अनेक माणसं त्या इमारतीत नव्हतीच. बाहेर होती, बसमध्ये होती.

२८ मार्च २०२५ ला म्यानमारमध्ये ७.७ चा भूकंप झाला, तेव्हा सुमारे हजार किलोमीटर लांब बँकॉकमधल्या टॉवर्सच्या गच्चीवरच्या तलावांचं पाणी धबधब्यासारखं खाली रस्त्यावर पडतानाचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. बांधकाम चालू असलेला एक टॉवर कोसळला, पण बैठ्या घरांना मात्र विशेष काही झालं नाही. कारण लांबून येणाऱ्या लाटांमधल्या चटचट लाटा वाटेत विरतात, संथ लाटा टिकतात. संथ लाटांवर उंच इमारतच डोलते. म्हणजे ज्या धक्क्यात आपलं घर हललंही नसतं, त्या धक्क्यात शेजारचा टॉवर हलू शकतो, आणि त्याचं सामान आपल्यावर येऊ शकतं. आमच्या गावातली चार मजली इमारत म्हणजे टॉवर नव्हे, ती एवढ्या संथ लयीत हलत नाही. पण पुण्या-मुंबईत चाळीशेजारी चाळीस मजले उभे राहतात, तिथे हा हिशोब लागू होतो.

आता नांदेडच्या आवाहनाकडे परत या. पत्र्यावरचा दगड काढा म्हणजे काय, तर डोक्यावरचं सुटं वजन काढा. तो नियम आपल्या पत्र्याला लागू आहे तसाच शेजाऱ्याच्या गच्चीलाही आहे.

रस्ता तिसरा: जमिनीतून

हा मला सगळ्यात भारी वाटलेला भाग. भूकंपात जमीन इमारतीला हलवते हे आपल्याला माहीत आहे. पण हललेली इमारत परत जमिनीला हलवते. आणि ती हललेली जमीन शेजारच्या घराला हलवते.

विश्वास बसत नाही? १३ ऑगस्ट १९८९ ला कोलंबिया हे अंतराळयान कॅलिफोर्नियात उतरत होतं. त्याच्या आवाजापेक्षा जास्त वेगामुळे तयार झालेली हवेची लाट लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीतल्या उंच इमारतींवर आदळली. इमारती किंचित हलल्या, त्यांनी पायाखालची जमीन हलवली, आणि ती लाट जमिनीतून पासाडेनाच्या भूकंपमापकांपर्यंत पोचली. हवेतली लाट तिथे पोचायच्या आधी! शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये हे मांडलं. त्याच भागात एका नऊ मजली ग्रंथालयाच्या गच्चीवर यंत्र बसवून ती इमारत मुद्दाम हलवली होती, तर तिची थरथर दहा किलोमीटरहून लांबच्या डोंगरावर मोजता आली होती.

ही थरथर अर्थातच अतिसूक्ष्म. पण भिंतीला भिंत असेल तर? १९७३ मध्येच लुको आणि कोंटेसे या दोन संशोधकांनी गणिताने दाखवलं होतं की मोठ्या रचनेच्या अगदी जवळ छोटी रचना असेल तर परिणाम प्रामुख्याने छोटीवर होतो. मोठीला छोटीचं फारसं काही वाटत नाही. बैलगाडी आणि ट्रकसारखं समजा. मात्र हा परिणाम दर वेळी वाईटच असतो असं नाही. लय, अंतर आणि माती यांवर अवलंबून कधी छोटीची हालचाल वाढते, कधी कमीही होते.

मातीचा दुसरा धोका जास्त सरळ आहे. १७ ऑगस्ट १९९९ च्या तुर्कस्तानच्या भूकंपात अदापझारी शहरात मऊ मातीवरच्या कित्येक इमारती न मोडता जमिनीत खचल्या आणि कलल्या. काही तर शेजारच्या इमारतीवर टेकल्या. जास्त मजले म्हणजे पायावर जास्त वजन, आणि अरुंद प्लॉटवर उंच इमारत म्हणजे कलायला सोपी.

रस्ता चौथा: न पडलेली बिल्डिंग

क्राइस्टचर्चमधलंच उदाहरण. हॉटेल ग्रँड चॅन्सेलर, सव्वीस मजली. भूकंपात तिची एक मुख्य भिंत तळाशी चिरडली आणि इमारत एका कोपऱ्यात कलली, पण पडली नाही. आतली माणसं सुखरूप बाहेर आली. मग झालं असं की ती कधीही पडेल म्हणून आजूबाजूचा परिसर बंद करावा लागला. ज्यांची छोटी दुकानं नीट उभी होती त्यांनाही तिथे जाता येईना. शेवटी २०१२ पर्यंत ती इमारत उतरवावी लागली.

म्हणजे तुमचं घर शाबूत, पण शेजारची कललेली बिल्डिंग तुम्हाला बेघर करते. विमा, नुकसानभरपाई, कोणाची जबाबदारी? पंचनाम्यात "घराची पडझड: नाही" असंच लिहिलं जाणार ना?

मग नियम काय सांगतो?

नियम आहे, आणि तो चांगला आहे. आयएस १८९३ म्हणतं की दोन शेजारच्या इमारतींत एवढी फट हवी की दोघी एकमेकींकडे पूर्ण झुकल्या तरी लागणार नाहीत. हिशोब असा. आराखड्यातल्या भूकंप बलाखाली प्रत्येक मजल्याला त्याच्या उंचीच्या ०.००४ पट एवढंच सरकायची मुभा आहे. तीन मीटरचा मजला म्हणजे १२ मिलिमीटर. तीन मजल्यांपर्यंत ३६ मिलिमीटर. पण खऱ्या मोठ्या भूकंपात इमारत यापेक्षा कितीतरी जास्त सरकते, म्हणून हा आकडा एका गुणकाने वाढवायचा, ज्याला कोडमध्ये आर म्हणतात. साध्या काँक्रीट फ्रेमला आर ३, खास भूकंपासाठी सळई बांधलेल्या फ्रेमला ५. ५ घेतला तर ३६ चे १८० मिलिमीटर, म्हणजे सात इंच. तेही एकाच इमारतीचे. दुसरीचे त्यात मिळवायचे. हा वरच्या मर्यादेचा हिशोब आहे, ताठ इमारतीला कमी लागेल. मजल्यांच्या पातळ्या जुळत असतील तर कोड सवलतही देतं.

इतकं गणित नको असेल तर आयएस ४३२६ मध्ये ढोबळ आकडे आहेत. काँक्रीटच्या फ्रेमला मजल्यामागे २० मिलिमीटर, काहीही झालं तरी एकूण २५ पेक्षा कमी नाही. भूकंपाचं बल कमी-जास्त असेल तसा आकडा त्या प्रमाणात बदलायचा.

म्हणजे तीन मजल्यांना कमीत कमी काही इंच. आपल्याकडे असतं काय? शून्य. नाहीतर एक इंचाचं थर्माकोल.

नेमकं कुठे अडतंय?

माझ्या धंद्यातली भाषा वापरतो. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक भागाची वेगळी तपासणी होते, तिला युनिट टेस्ट म्हणतात. सगळे भाग एकत्र जोडून चालतात का हे बघायला इंटिग्रेशन टेस्ट लागते. दोन्ही भाग आपापल्या टेस्टमध्ये पास होऊनही जोडल्यावर सिस्टीम झोपते, हे आम्ही रोज बघतो.

इमारतींचं तेच चाललंय. प्रत्येक नकाशा एकटा तपासला जातो. नकाशात प्लॉटची हद्द असते, हद्दीपलीकडच्या घराची उंची, त्याच्या स्लॅबची पातळी, त्याचा पाया किती खोल, यातलं काहीच नसतं. फट दोघांच्या मधली, म्हणून ती कोणाचीच नाही. गावात तर हे आणखी सैल आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने ग्रामीण भागात ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या प्लॉटवरच्या बांधकामाला नगररचनाकाराच्या परवानगीची गरज नाही असं ठरवलं. सामान्य माणसाचे हेलपाटे वाचले, ते चांगलंच झालं. पण मग परवानाधारक अभियंत्याच्या सहीवर सगळा भरवसा आला, आणि त्या कागदावर शेजाऱ्याच्या घराचा रकाना नाही. एक रकाना वाढवायला काय लागतं? शेजारच्या इमारतीचे मजले, पातळ्या आणि सोडलेली फट. तीन आकडे.

आणि एक गोष्ट स्वच्छ बोलली पाहिजे. १९९३ मध्ये किल्लारीत शेजारी टॉवर नव्हते. माणसं मेली ती स्वतःच्याच घरांखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. म्हणजे सगळा दोष नव्या बिल्डिंगवर टाकून आपलं जुनं घर सुरक्षित होत नाही. तसंच २६ जानेवारी २००१ ला भूजच्या भूकंपात दोनशेहून जास्त किलोमीटर लांब अहमदाबादेत अपार्टमेंट कोसळली, त्यात खाली पार्किंगसाठी मोकळा तळमजला असलेल्या बऱ्याच होत्या. वर भिंतींनी ताठ आणि खाली नुसते कॉलम. आपल्याकडचे "खाली गाळे" म्हणजे पुढून शटर आणि आत भिंत नाही, हे त्याच जातीचं.

तर चुलत्यांना मी काय सांगितलं?

एक, शेजाऱ्याशी पाया खोदायच्या आधी बोला, नंतर नाही. त्याच्या इंजिनिअरला फट किती आणि स्लॅबची पातळी कुठे येते हे दोनच प्रश्न विचारा.

दोन, त्याचा बीम किंवा स्लॅब आपल्या भिंतीत टेकवू देऊ नका. दोन वेगळ्या लयी एकत्र बांधल्या की कमजोर बाजू फाटते, आणि ती आपली आहे.

तीन, फट सोडली तर ती रिकामी राहू द्या. त्यात खडी, विटांचे तुकडे, सिमेंट गेलं की फट कागदावरच राहिली. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून वरून पत्र्याची पट्टी एकाच बाजूला ठोका, दोन्ही बाजूंना नाही.

चार, आपल्या पायाला लागून सलग खोल चर खोदू देऊ नका. तुकड्या-तुकड्याने खोदून भरत जायचं. सुरू व्हायच्या आधी आपल्या भिंतींचे तारखेसह फोटो काढून ठेवा. हे भूकंपाशिवायही उपयोगी पडतं.

पाच, आपल्या बाजूच्या गच्चीवर विटांचा सुटा कठडा आणि टाकी नको. कठडा सळईने स्लॅबला बांधलेला हवा.

सहा, आपल्या माळवदावरची वर्षानुवर्षं चढवलेली माती कमी करा. हे काम शेजाऱ्यावर अवलंबून नाही.

यातली पहिली गोष्ट सोडली तर बाकीच्यांना फारसा पैसा लागत नाही. पहिलीला चार-सहा इंच जागा लागते. बाजारपेठेत सहा इंचांवरून भाऊबंदकी होते, हे मलाही माहीत आहे. चुलत्यांनीही तेच विचारलं, "सहा इंच कोण सोडणार रे?" मी म्हटलं, तीन इंच त्याने सोडायचे आणि आपण परत बांधू तेव्हा तीन इंच आपण. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी टेप घेऊन शेजाऱ्याकडे गेले.